हिशेब कुठला आणि दावा कुठला?

प्रश्न: मॅडम, मी करमाळा तालुक्यातली. सध्या पुण्यात एस.वाय.बी.ए.ला आहे, अर्थशास्त्र स्पेशल. बारावीपर्यंत मराठी माध्यम, अर्थशास्त्रात ९१ मार्क होते. आता स्थूल अर्थशास्त्राने दमवलंय. नोट्स पाठ आहेत, आकृत्या डोळे मिटून काढते, तरी अंतर्गत परीक्षेत ३० पैकी ११ मिळाले. प्रश्न थोडा फिरवून आला की काही सुचत नाही. पेपर वाचायला घेतला तर पुस्तकातलं आणि पेपरातलं जुळत नाही. महागाई कमी झाली म्हणतात आणि आमच्या मेसचे दर वाढलेले असतात. रूममेट म्हणते, राज्यशास्त्र स्पेशल घे, एमपीएससीलाही तेच बरं. सत्र परीक्षेला दोन महिने आहेत. विषय बदलू का? नाही तर अभ्यास कसा करू? गाईड वापरलं तर चालेल का? उत्तरपत्रिकेच्या दोन पानांचे फोटो जोडले आहेत.
– गोंधळलेली, पुणे

उत्तर:

फोटो पाठवलेस हे फार बरं केलंस. नुसतं पत्र असतं तर मीही 'नियमित वाचन कर, घाबरू नकोस' असलं काहीतरी लिहून मोकळी झाले असते. पानं पाहिल्यावर तसं लिहिता येत नाही.

पहिल्या पानावर प्रश्न आहे: 'आयात वाढल्यास देशाचा जीडीपी कमी होतो का? स्पष्ट करा.' तू सूत्र लिहिलंस, उपभोग अधिक गुंतवणूक अधिक सरकारी खर्च अधिक निर्यात वजा आयात. मग आयातीआधी वजाचं चिन्ह आहे, म्हणून आयात वाढली की जीडीपी कमी होतो, असं ठणकावून सांगितलंस. शून्य मार्क. दुसऱ्या पानावर: 'सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८ असताना सरकारने १०० कोटी रुपये जास्त खर्च केले तर उत्पन्न किती वाढेल? कोणत्या परिस्थितीत ते तेवढे वाढणार नाही?' गुणक (खर्चाच्या किती पट उत्पन्न वाढतं तो आकडा) ५, उत्तर ५०० कोटी, खाली सुबक आकृती. प्रश्नाचा दुसरा भाग कोरा.

तुझं पाठांतर चोख आहे आणि मराठी माध्यमाचा इथे काहीही संबंध नाही. अडचण अशी की या विषयात दोन जातींची समीकरणं असतात, दिसायला अगदी सारखी, आणि तू ती दोन्ही एकाच पद्धतीने वापरतेस. एका जातीचं समीकरण म्हणजे नुसता हिशेब. तो जुळतोच, कारण तो जुळावा अशाच व्याख्या केलेल्या असतात. दुसऱ्या जातीचं समीकरण म्हणजे माणसं कशी वागतात याबद्दल कुणीतरी केलेला दावा. तो खरा असेल, खोटा असेल, एका देशात लागू पडेल, दुसऱ्यात नाही पडणार. हिशेबातून 'अमुक झालं म्हणून तमुक झालं' असं कधीच निघत नाही. ते सांगायला दावा लागतो. तुझ्या दोन्ही उत्तरांची गाडी इथेच घसरली. पहिल्यात तू हिशेबाला दावा समजलीस, दुसऱ्यात दाव्याला हिशेब.

आयातीचं घे. दुकानदाराने परदेशातून १५,००० रुपयांना फोन आणला आणि तुला २०,००० ला विकला (कर बाजूला ठेव). उपभोगात २०,००० लिहिले गेले. पण त्यातले १५,००० इथे तयारच झालेले नाहीत, म्हणून ते आयातीच्या रकान्यातून वजा केले. उरले ५,०००, म्हणजे दुकानदाराने इथे जी भर घातली तेवढे. आयात वजा करतात ती देशाचं नुकसान म्हणून नव्हे. ती उपभोग, गुंतवणूक आणि सरकारी खर्चात आधीच मिसळलेली असते, ती बाहेर काढावी लागते, एवढंच. मग आयात वाढल्याने जीडीपी कधीच घटत नाही का? घटू शकतो. लोकांनी इथला माल घेणं सोडून बाहेरचा घ्यायला सुरुवात केली तर इथलं उत्पादन पडेल. पण हा झाला दावा, आणि तो लोकांच्या वागण्याबद्दल आहे. उलट कारखान्याने बाहेरून यंत्र आणलं आणि पुढच्या वर्षी इथलं उत्पादन वाढलं, असंही घडतं. परीक्षकाला हे 'अवलंबून आहे' हवं होतं, कशावर अवलंबून आहे त्यासकट.

हिशेबसुद्धा आकाशातून पडलेला नसतो, हे जाता जाता सांगते. स्वतंत्र भारताने राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजायचं हे ठरवण्यासाठी १९४९ मध्ये समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य व्ही. के. आर. व्ही. राव आणि आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. काय मोजायचं आणि काय सोडायचं हे अशाच माणसांनी बसून ठरवलेलं असतं. शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेली ज्वारी विकली नाही तरी अंदाजाने किंमत लावून जीडीपीत धरतात. त्याच ज्वारीच्या तुझ्या आईने थापलेल्या भाकरी मात्र धरत नाहीत. मेसवाल्या काकूंनी थापल्या तर धरतात.

आता गुणक. इथे जरा थांबू, कारण या एका प्रकरणात अर्धा विषय आहे.

'सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८' हा दावा आहे: हातात जादा १०० रुपये आले की माणूस ८० खर्च करतो. त्याचे ८० दुसऱ्याचं उत्पन्न होतात, तो त्यातले ६४ खर्च करतो, आणि ही साखळी मिटेपर्यंत पाचपट उत्पन्न होतं. पण हे घडायला आणखी बऱ्याच गोष्टी गुपचूप मान्य केलेल्या असतात. वाटेत कर कापला जात नाही. खर्च परदेशी मालावर वाहून जात नाही. व्याजदर चढत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मागणी वाढली की माल वाढतो, भाव वाढत नाहीत. इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ साली हे मांडलं तेव्हा त्याच्यासमोर बंद पडलेले कारखाने आणि बेकार कामगार होते. यंत्रं तयार, माणसं तयार, फक्त गिऱ्हाईक नाही. तिथे ही गृहीतकं बरीचशी चालण्यासारखी होती.

तेच व्ही. के. आर. व्ही. राव, जे केंब्रिजला शिकून आले होते, त्यांनी १९५२ मध्ये विचारलं की भारतात हे चालेल का? आपल्याकडे बेकारी आहे, पण ती शेतावर दडलेली. चार माणसांच्या कामाला सहा राबतात. सरकारने खर्च केला, मजुरी हातात आली, मजूर पहिल्यांदा काय घेणार? धान्य. आणि धान्य काही मागणी वाढली म्हणून पुढच्या महिन्यात वाढत नाही. मग उत्पन्न वाढतं ते रुपयांत, पोत्यांत नाही. हेच तुझ्या कोऱ्या राहिलेल्या भागाचं उत्तर.

तुझ्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचार. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या पिढीला तो पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्त्यांची माती, आणि कामावर वाटलेली सुकडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आता गुणकाचं प्रकरण समोर ठेवून हा प्रसंग वाच. रिकामे हात होते? होते, लाखोंनी. मजुरी सरकारने दिली? दिली. मग मागणी वाढून धान्य पिकलं का? कसं पिकणार, पाऊसच नव्हता. म्हणून बाहेरून धान्य आणावं लागलं. लोकांना आजही नावासकट आठवणारा तांबडा मिलो (परदेशी लाल ज्वारी) आला तो असा. रावांनी वीस वर्षं आधी कागदावर मांडलेली अडचण गावोगावी रेशनच्या रांगेत उभी होती. म्हणून ती कामं चुकीची होती का? मुळीच नाही. त्यांनी माणसं जगवली. पण जगवणं वेगळं आणि उत्पन्न पाचपट होणं वेगळं.

पुढची गोष्ट तर परीक्षेसाठी सोन्यासारखी आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये करून पाहिलेली, मागेल त्याला काम देण्याची कल्पना दुष्काळानंतर राज्यभर रुजली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसे कुठून आणले? इतर काही करांबरोबर नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. पगाराच्या स्लिपवर आजही महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात, तोच हा कर. आता गणित कर. समज, मुंबईच्या नोकरदाराची उपभोग प्रवृत्ती ०.६ आणि खेड्यातल्या मजुराची ०.९५ (हे आकडे मी मानलेले आहेत). नोकरदाराचे २०० रुपये गेले, त्याचा खर्च १२० ने कमी झाला. तेच २०० मजुराला मिळाले, त्याचा खर्च १९० ने वाढला. सरकारने एक रुपया कर्ज काढला नाही, तरी पहिल्याच फेरीत लोकांचा एकूण उपभोग ७० रुपयांनी वाढला. परीक्षेत 'संतुलित अंदाजपत्रक गुणक' (जितका कर तितकाच खर्च, तरी उत्पन्न किती वाढतं) आला तर हे उदाहरण लिही. पण सोबत हेही लिही की हे सगळं त्या दोन मानलेल्या आकड्यांवर उभं आहे.

एवढं जमलं की बाकीची प्रकरणं याच कसोटीवर घासता येतात. बचत बरोबर गुंतवणूक: वर्ष संपल्यावर मागे वळून पाहिलं तर तो हिशेब, जुळणारच, कारण न खपलेला मालसुद्धा गुंतवणुकीत धरलेला असतो. वर्षाच्या सुरुवातीला लोकांनी ठरवलेली बचत आणि उद्योजकांनी ठरवलेली गुंतवणूक समान असायचं मात्र काहीच कारण नाही. ती समान होईपर्यंत उत्पन्न हलत राहतं, हा केन्सचा दावा. (तू शेअर घेतलेस किंवा जुना फ्लॅट घेतलास तर इथल्या अर्थाने ती गुंतवणूक नव्हे, हे एकदा पक्कं कर. दरवर्षी अर्धा वर्ग यात मार्क घालवतो.) चलन संख्यामान सिद्धांताचंही तसंच. पैशाचा साठा गुणिले भ्रमणवेग (एक रुपया वर्षात किती वेळा हात बदलतो) बरोबर किंमत पातळी गुणिले व्यवहार, हा हिशेब. भ्रमणवेग आणि व्यवहार बदलत नाहीत म्हटलं की तो दावा झाला, आणि मगच 'पैसा दुप्पट, भाव दुप्पट' म्हणता येतं. ८ नोव्हेंबर २०१६ ला चलनातल्या सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या, पण किंमत पातळी काही त्या प्रमाणात कोसळली नाही. का? जुन्या नोटा बँकेत ठेव होऊन बसल्या. म्हणजे 'पैसा' म्हणताना नोटा मोजायच्या की ठेवीही, हे आधी ठरवावं लागतं. या एका प्रश्नावर दहा मार्कांचं उत्तर उभं राहतं.

केन्सचं नाव आलं की मुलं पेन खाली ठेवून मान डोलावतात. तसं करू नकोस. १९१३ मध्ये त्याने भारतासाठी सुवर्ण विनिमय परिमाण (देशात सोन्याची नाणी न वापरता रुपयाचा सोन्याशी दर बांधून ठेवणं) उचलून धरलं होतं. डॉ. आंबेडकरांनी लंडनमधल्या आपल्या प्रबंधात, जो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, ते मत खोडून काढलं. रुपयाचा सोन्याशी विनिमय दर टिकवण्यापेक्षा देशातली त्याची क्रयशक्ती स्थिर राहणं त्यांना महत्त्वाचं वाटत होतं. तेव्हा केन्स मोठा होता, आणि समोरचा एक विद्यार्थी होता.

आता पेपर आणि पुस्तक न जुळण्याबद्दल. तू करमाळ्याची, म्हणजे उजनीच्या बातम्या वाचत मोठी झालीस. धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आहे ही एक बातमी, दौंडहून किती क्युसेकने (सेकंदाला किती घनफूट) आवक आहे ही दुसरी. साधारण साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर आत आलं की एक टीएमसी वाढतो. आवक पन्नास हजारांवरून वीस हजारांवर आली म्हणून धरणातलं पाणी कमी झालं, असं तुमच्याकडे कुणी म्हणेल का? किंमत पातळी म्हणजे टीएमसी, महागाईचा दर म्हणजे क्युसेक. पहिल्या वर्षी ६ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ४ टक्के महागाई झाली, तर १०० रुपयांची थाळी आधी १०६ ची आणि मग ११०.२४ ची होते. महागाई कमी झाली आणि मेसही महागली, दोन्ही खरं. शिवाय २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. तुझ्यासारख्या होस्टेलवरच्या मुलीच्या खर्चात तो त्याहून जास्तही असेल, म्हणजे तुझी महागाई सरकारच्या आकड्यापेक्षा वेगळी असणारच. राजकोषीय तूट (त्या वर्षी सरकारला कमी पडलेला पैसा) आणि सरकारी कर्ज यांचंही हेच नातं. 'तूट घटली' या मथळ्याखाली कर्ज वाढलेलंच असतं. पेपर वाचताना प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने टीएमसी की क्युसेक, एवढं लिहीत जा.

पुस्तक आणि बातमी खरोखरच जुळत नाहीत अशीही एक जागा आहे. पुस्तकात मध्यवर्ती बँक पैशाचा पुरवठा ठरवते आणि व्याजदर त्यातून निघतो. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) ठरवते आणि पैसा त्यामागून जुळवून घेतो. ४ टक्के महागाईचं लक्ष्य, वर-खाली २ टक्क्यांची मुभा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात हा दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला गेला, तेव्हा बातम्यांत कुणी पैशाच्या पुरवठ्याचं नावही काढत नव्हतं. तुझी पुस्तकं इथे जुनी आहेत. परीक्षेत पुस्तकातलंच लिही, पण शेवटी एका वाक्यात हा फरक सांग. चांगला परीक्षक खूष होतो. वाईट परीक्षक मार्क कापत नाही.

आकृत्यांचं. डोळे मिटून काढता येणारी आकृती हा काही गुण नाही. बारावीत मागणी वक्र खाली का उतरतो याचं उत्तर होतं, वस्तू स्वस्त झाली की लोक दुसरी सोडून ही घेतात. एकूण मागणीचा वक्रही खालीच उतरतो, आणि तू तेच कारण लिहून येशील अशी मला भीती आहे. तिथे उभ्या अक्षावर सगळ्याच वस्तूंची किंमत पातळी आहे. सगळंच स्वस्त झालं तर सोडायचं काय आणि धरायचं काय? तिथली कारणं वेगळी: हातातल्या पैशाची क्रयशक्ती वाढते, व्याजदर उतरतो, आपला माल परदेशाला स्वस्त पडतो. म्हणून आकृती काढण्याआधी अक्षांची नावं लिही आणि गोष्ट वाक्यांत सांग. 'रेपो दर वाढला, म्हणून बँकांची कर्जं महागली, म्हणून कारखानदाराने यंत्र पुढे ढकललं, म्हणून यंत्र बनवणाऱ्याचं उत्पन्न घटलं…' प्रत्येक 'म्हणून'पाशी थांब: हे कोण करतंय, आणि त्याने तसं केलं नाही तर? जिथे उत्तर देता येत नाही तिथेच तुझं पाठांतर सुरू होतं. तेवढंच प्रकरण पुन्हा वाच. आकृती शेवटी काढ.

दोन महिने पुरेसे आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाला पहिले दहा-बारा दिवस दे, कंटाळा आला तरी. तो पाया कच्चा असताना गुणकाकडे धावू नकोस. मग उपभोग, गुंतवणूक, गुणक, मग पैसा आणि बँका, महागाई शेवटी. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडव, पण सोडवून झाल्यावर प्रश्नातलं एक गृहीतक स्वतःच बदल आणि पुन्हा सोडव. फिरवलेल्या प्रश्नाची भीती दुसऱ्या कशाने जात नाही. मराठीत वाचायला काही हवं असेल तर राज्य सरकारची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दरवर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी निघते. रटाळ आहे, पण तक्ते खरे आहेत आणि भाषा तुझ्या उत्तरपत्रिकेला चालणारी आहे.

विषय बदलण्याबद्दल. राज्यशास्त्र आवडत असेल तर जरूर घे, मात्र सत्राच्या मध्यात बदल चालतो का ते आधी कॉलेजच्या ऑफिसात विचार. ११ मार्कांना घाबरून मात्र घेऊ नकोस; तिथेही फिरवलेले प्रश्न असतातच. एमपीएससीसाठी म्हणत असशील, तर त्या अभ्यासक्रमातही अर्थव्यवस्था आहेच, ती काही चुकत नाही. आणि रूममेटचा स्वतःचा विषय कोणता, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस.

राहिलं गाईड. वापर, त्यात पाप नाही. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात कुठल्या प्रश्नाला किती लिहायचं याचा अंदाज त्यातून चांगला येतो. फक्त उलट्या बाजूने वाच. प्रत्येक सिद्धांताच्या सुरुवातीला 'गृहीतके' म्हणून चार-पाच ओळी असतात, ज्या सगळे वगळतात. आधी त्या वाच, गाईड मिट, आणि त्यातली एकेक ओळ काढून टाकली तर सिद्धांताचं काय होईल ते कागदावर लिही. 'टीका' या मथळ्याखाली पुढच्या पानावर जे छापलेलं असतं, त्यातलं निम्मं तुझं तुलाच सापडलेलं असेल.